एकेचाळिसावी पेशी

"मॅडम, ही ४१ नंबरची काढून टाकू ना?" असे माझ्या विद्यार्थिनीने विचारले आणि मी पडद्याकडे नीट न बघताच "काढून टाक" म्हणाले. संध्याकाळ उलटून गेली होती, दिवसभरातल्या सहा डिशांपैकी ही शेवटची होती, आणि आलेखावरची ती एक रेघ बाकीच्या सगळ्या रेघांच्या खाली जमिनीसारखी सपाट पसरलेली होती. अकरा मिनिटांच्या चित्रणात इतर टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, आतले कॅल्शियम चढत गेले तशा एकामागून एक निळ्याच्या हिरव्या, हिरव्याच्या पिवळ्या आणि मग लाल होत गेल्या होत्या. ही मात्र शेजारच्या पेशीला बिलगून निळीच्या निळी राहिली होती. तक्त्यात तिच्यापुढे 'प्रतिसाद नाही' असे लिहिले गेले, फाइल बंद झाली, दिवा विझला आणि आम्ही खोलीला कुलूप लावले. रात्री अंथरुणावर पाठ टेकल्यावर मात्र ती रेघ पुन्हा डोळ्यांपुढे आली, आणि तिच्या उजव्या टोकाला, अगदी शेवटी, एक कोपरा किंचित उचललेला होता असे मला वाटू लागले. तो खरेच होता की शीण आलेल्या डोळ्यांनी तो नंतर काढला होता, हे काही केल्या ठरेना. झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कोणी यायच्या आत मी ती फाइल उघडली. दर पाच सेकंदांना एक चौकट, अशा १३२ चौकटी होत्या. पहिल्या १२९ चौकटींत ४१ नंबरची पेशी आपल्या जागी शांत होती. १३०व्या चौकटीत तिच्या निळ्यात हिरव्याचा भास होता, १३१व्यात तो भास राहिला नव्हता, रंगच बदलला होता, आणि १३२व्यात ती पाण्यातल्या शेवाळाइतकी हिरवी झाली होती. त्यानंतर आम्ही डिशमध्ये आयनोमायसिन सोडले होते. प्रयोगाच्या शेवटी ते सोडायचे असते, कारण ते जिवंत पेशीच्या पटलातून कॅल्शियमला सरळ वाट करून देते. ज्या पेशी त्यानेही लाल होत नाहीत त्या मेलेल्या किंवा रंग न भरलेल्या समजायच्या. ४१ नंबरची पेशी त्याने झटकन लाल झाली. म्हणजे ती जिवंत होती, तिच्यात रंग भरलेला होता, आणि आयनोमायसिन पडण्याच्या पंधरा सेकंद आधी तिच्यात आपणहून काहीतरी सुरू झाले होते.

अकरा मिनिटांची मुदत मीच ठरवलेली होती.

ती मुदत ठरवण्याला कारण होते, आणि ते खोटे नव्हते. त्या अंधाऱ्या खोलीत आम्ही पेशींवर जो प्रकाश टाकतो तो त्यांना सोसणारा नसतो. फ्युरा-२ हा रंग पेशीत भरायचा म्हणजे आधी त्याला एक असा मुखवटा चढवावा लागतो की तो पटलाच्या स्निग्ध थरातून आत शिरेल; आत गेल्यावर पेशीचीच विकरे तो मुखवटा कापून टाकतात आणि रंग आतच अडकतो. ही युक्ती रॉजर त्सिएन यांची. मग ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश आलटून पालटून टाकायचा. कॅल्शियम धरलेला रंग पहिल्या प्रकाशाने अधिक उजळतो, रिकामा रंग दुसऱ्याने, आणि या दोन उजेडांचे गुणोत्तर काढले की पेशी जाड आहे की चपटी, रंग कमी भरला की जास्त, हे सगळे फरक गळून पडतात आणि कॅल्शियम तेवढे उरते. पण हा प्रकाश अतिनीलाच्या पट्ट्यातला आहे. तो रंगालाही जाळतो आणि पेशीलाही. म्हणून लवकर आवरायचे. शिवाय आपल्याला हवी ती चढण पहिल्या दोन-तीन मिनिटांतच मिळते. पुढचे कोण बघत बसणार, अशी एक न बोललेली सवय आमच्या हाताला लागलेली असते. मी विद्यार्थिनी होते तेव्हा आमचे सर आलेखाची शेपूट कापायला सांगत. शिखर आले की पुढे सगळा उतारच असतो, त्याला कशाला जागा द्यायची, असे ते म्हणत, आणि मीही ती शेपूट कित्येक वर्षे निष्ठेने कापत आले.

ज्या शांततेला आम्ही निळा रंग दिला आहे ती फुकट मिळत नाही, हे मला फार उशिरा उमगले. रक्तात आणि पेशीभोवतीच्या द्रवात मोकळे कॅल्शियम साधारण एक मिलिमोलर असते, आणि स्वस्थ टी-पेशीच्या पेशीद्रवात ते त्याच्या सुमारे दहा हजारांश भागाइतकेच असते. टी-पेशी मुळात लहान, सात-आठ मायक्रोमीटरची. त्यातली बरीच जागा केंद्रकाने व्यापलेली. उरलेल्या पेशीद्रवात मोकळे फिरणारे कॅल्शियमचे आयन मोजू गेले तर हिशेब काही हजारांच्या घरात येतो. बाहेर समुद्र आणि आत ओंजळभर दव, मध्ये एक पातळ पडदा. कॅल्शियम आत साचू लागले तर ते फॉस्फेटशी जमून खडा होईल, आणि पेशीची सगळी ऊर्जा तर फॉस्फेटच्याच भाषेत चालते. म्हणून पटलावरचे पंप ते अखंड बाहेर फेकत असतात, पेशीच्या आतल्या पटलांचे जे जाळे असते त्या अंतर्द्रव्यजालिकेचे पंप ते उपसून आपल्या पोटात भरत असतात, आणि या उपशासाठी एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, खर्ची पडत असतो. थॅप्सिया नावाच्या वनस्पतीत सापडलेले थॅप्सिगार्जिन घालून जालिकेचे पंप अडवले, की कोणी हाक न मारताही पेशी काही मिनिटांत लाल होते. निळ्या पेशीत काही घडत नाही असे म्हणणारा माणूस ते उपसणे विसरलेला असतो. मीही विसरले होते.

प्रतिजन, म्हणजे टी-पेशी ज्याला परका म्हणून ओळखते तो पदार्थ, दिसल्यावर काय होते ते पडद्यावर पाहण्यासारखे असते, आणि इतकी वर्षे पाहूनही त्याची गोडी मला कमी झालेली नाही. काचेवर आधी प्रतिजनाचे तुकडे मिरवणाऱ्या बी-पेशी बसवलेल्या असतात. वरून टी-पेशी सोडल्या की त्या तळाशी येऊन सरपटू लागतात. पुढे एक चपटे टोक, मागे एक आखूड शेपटी, अशा आकारात त्या इकडे-तिकडे फिरतात. लसीका ग्रंथीतही त्या मिनिटाला साधारण दहा मायक्रोमीटर अशाच हिंडत असतात. एखादीचे टोक बी-पेशीला लागते, ती थबकते, पुढे जाते की काय असे वाटते, आणि मग एकदम तिचा आकार गोल होतो. कॅल्शियम चढले की चालणारी पेशी थांबते. पडद्यावर रंग बदलण्याची आणि चाल थांबण्याची वेळ जवळजवळ एकच असते, त्यामुळे डोळ्यांना असे वाटते की तिने काही ऐकले आणि ती ऐकण्यासाठी उभी राहिली.

आत जे घडते ते शिकवताना मी फळ्यावर बाणांची रांग काढते, आणि ती रांग मला कधीच पुरी वाटत नाही. टी-पेशीच्या पटलावरच्या ग्राहीला प्रतिजन चिकटले की एलसीके आणि त्यानंतर झॅप-७० ही विकरे, मग एलएटी नावाचा मचाण, आणि त्यावर येऊन बसणारे फॉस्फोलायपेज सी-गॅमा. ते पटलातल्या एका स्निग्ध रेणूचे दोन तुकडे करते. त्यातला आयपी-थ्री हा लहान तुकडा पेशीद्रवात सुटतो आणि जालिकेच्या भिंतीवरची दारे उघडतो. जालिकेतले कॅल्शियम बाहेर येते. इथवरचे मला नेहमी घाईने सांगून टाकावेसे वाटते, कारण खरी नवलाई यापुढे आहे. जालिकेतला साठा तुटपुंजा असतो. त्यावर काही मिनिटांची चढण निघेल, त्यापलीकडे नाही. तरीही पेशी तासन्तास चढलेली राहू शकते. ते कसे, हा प्रश्न शास्त्रज्ञांना फार वर्षे पडला होता. साठा रिकामा होणे हाच बाहेरचे दार उघडण्याचा इशारा असावा, असे जेम्स पुटनी यांनी १९८६ मध्ये मांडले. त्या दारातून जाणारा विद्युतप्रवाह टी-पेशींत आणि मास्ट पेशींत मोजलाही गेला, पण तो इतका क्षीण होता की एकेका दाराची उघडझाप यंत्रावर दिसेना; प्रवाहातल्या कंपनांवरून तिचा अंदाज बांधावा लागला. दार आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. ते कशाचे बनले आहे, हे जवळजवळ वीस वर्षे कोणाला सांगता आले नाही.

२००५ मध्ये स्टिम-१ सापडले. हे प्रथिन जालिकेच्या भिंतीत बसलेले असते आणि त्याचा एक हात आतल्या साठ्यात बुडालेला असतो. त्या हातात कॅल्शियम असेतो ते स्वस्थ असते. साठा आटला की हातातले कॅल्शियम सुटते, स्टिमचे रेणू एकमेकांना धरून गोळा होतात आणि जिथे जालिका पेशीच्या बाहेरच्या पटलाला अगदी खेटून असते, १० ते २५ नॅनोमीटरच्या फटीत, तिथे जाऊन पटलातल्या दाराला आतून धरतात. ते दार म्हणजे ओराय-१. २००६ मध्ये त्याचा शोध लागला. ग्रीक पुराणातल्या स्वर्गाच्या द्वाररक्षकांवरून त्याचे नाव ठेवले आहे, आणि नामकरणाच्या बाबतीत सहसा कोरडे असलेल्या आमच्या क्षेत्रात हे एक नाव मला मनापासून आवडते. या दाराबाहेर कॅल्शियमच्या शंभरपटीहून अधिक सोडियम गर्दी करून असते, तरी दार कॅल्शियमलाच ओळखून आत घेते. मला यात सगळ्यात भावते ती हाताची गोष्ट. बाहेरून कितीही मोठा आवाज झाला तरी दार त्या आवाजाने उघडत नाही. घरातली कणगी रिती झाल्याचे हाताला कळले तरच ते उघडते.

ओराय सापडले ते आजारी बाळांमुळे. या बाळांच्या रक्तात टी-पेशींची संख्या ठीक होती, पेशी दिसायलाही निरोगी होत्या, पण साध्या-साध्या जंतुसंसर्गांपुढे त्या उभ्याच राहत नव्हत्या. त्यांच्या पेशींना कितीही डिवचले तरी बाहेरचे कॅल्शियम आत येत नसे. स्टेफान फेस्के, अंजना राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बाळांच्या कुटुंबाच्या जनुकांचा माग काढला, फळमाशीच्या पेशींतली जनुके एकेक करून गप्प करून पाहिली, आणि दोन्ही वाटा एकाच प्रथिनापाशी येऊन मिळाल्या. त्या प्रथिनाच्या ९१व्या जागी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन बसले होते. एवढाच फरक. दार तयार होत होते, पटलात आपल्या जागी बसतही होते, फक्त उघडत नव्हते. हा शोधनिबंध मी प्रथम वाचला तेव्हा त्यातल्या एका आकृतीपाशी बराच वेळ थांबले होते. निरोगी पेशींची रेघ डोंगरासारखी चढत होती आणि खाली बाळाच्या पेशींची रेघ सपाट होती, ४१ नंबरसारखीच. पण ती सपाट रेघ त्या लोकांनी काढून टाकली नव्हती.

माझ्या घरी मात्र नेमक्या उलट गोष्टीसाठी आम्ही जीव टाकतो. माझ्या मोठ्या भावाचे मूत्रपिंड बदलून आता नऊ वर्षे झाली. ज्या पेशींना प्रयोगशाळेत मी जागे करायला धडपडते, त्याच जातीच्या पेशींनी त्याच्या शरीरात कधी जागे होऊ नये म्हणून तो दर बारा तासांनी टॅक्रोलिमस घेतो, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. अधूनमधून सकाळच्या गोळीआधी रक्त देऊन औषधाची पातळी पाहावी लागते. पातळी घसरली तर पेशी नव्या मूत्रपिंडाला ओळखतील, वाढली तर त्याच मूत्रपिंडाला औषधच बाधेल. सही करताना त्याचा हात थरथरतो, तेही औषधानेच. हे औषध १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळाले. पेशीत शिरल्यावर ते एका लहान प्रथिनाला चिकटते, आणि ती जोडी जाऊन कॅल्सिन्युरिन या विकराला अडवते. हे स्टुअर्ट श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवले. कॅल्शियम चढले की ते कॅल्मोड्युलिनला भेटते, कॅल्मोड्युलिन कॅल्सिन्युरिनला जागे करते, कॅल्सिन्युरिन एनएफएटी नावाच्या प्रथिनावरची फॉस्फेटची कुलुपे काढते, मग ते केंद्रकात जाते आणि पेशींना वाढायला लावणाऱ्या इंटरल्युकिन-२ सारखी जनुके बोलू लागतात. भावाचे औषध या साखळीत अगदी खाली बसले आहे. त्याच्या वरचे सारे चालूच राहते. त्याच्या रक्तातल्या टी-पेशी माझ्या काचेवर ठेवल्या असत्या तर त्यांतल्या ज्यांना प्रतिजन ओळखता आले त्या इतरांसारख्याच लाल दिसल्या असत्या. त्यांनी ऐकले असते, दार उघडले असते, कॅल्शियम आत आले असते, आणि निरोप केंद्रकाच्या उंबऱ्यापाशी अडला असता. लाल झालेल्या पेशीपुढे आम्ही तक्त्यात 'प्रतिसाद' असा शब्द लिहितो. भावाला औषध सुरू झाल्यापासून तो शब्द लिहिताना माझा हात अडतो.

दादाला मी हे एकदा समजावून सांगितले होते. तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे त्यांना सगळं कळतं, फक्त त्या काही करू शकत नाहीत." मी हो म्हणाले. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.

पेशीने किती चढायचे याहून किती वेळ चढलेले राहायचे, यावर तिचे पुढचे आयुष्य ठरते. रिकार्डो डोल्मेच, रिचर्ड लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले की कॅल्शियमची एक उंच पण थोडकी उसळी एनएफ-कॅपा-बी या प्रथिनाला कामाला लावते, तर एनएफएटीला बुटकी चालेल पण लांब टिकणारी चढण लागते. कॅल्शियम खाली आले की काही मिनिटांतच एनएफएटीवर पुन्हा कुलुपे चढतात आणि ते केंद्रकाबाहेर येते. इंटरल्युकिन-२ चे जनुक पक्केपणी चालू राहावे म्हणून पेशीला तासन्तास चढलेले राहावे लागते. आणि चढलेले राहणे म्हणजे नुसते दार उघडे टाकणे नव्हे. कॅल्शियमचा प्रत्येक आयन आत येताना दोन धनप्रभार आणतो. तसेच चालू राहिले तर पटलाचा ऋणप्रभार पुसला जाईल आणि आत येण्याची ओढच संपेल; म्हणून पटलातल्या पोटॅशियमच्या वाटा उघडतात आणि तितकाच धनप्रभार बाहेर सोडत राहतात. दाराच्या आतल्या तोंडाशी कॅल्शियमचा ढीग झाला तर दार आपणहून मिटते. म्हणून तंतुकणिका, ज्यांना आम्ही प्रयोगशाळेत मायटोकाँड्रियाच म्हणतो, सरकत दोन पेशींच्या सांध्याजवळ येतात आणि तो ढीग गिळत राहतात. पेशीच्या पोटात इतके सगळे जण इतक्या शहाणपणाने जागा बदलतात, हे जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा तेव्हा मला हातातले काम खाली ठेवावेसे वाटते.

आणि मग उतार, ज्याला आम्ही जागा देत नव्हतो. बाहेर फेकणारे पंप कॅल्शियम चढताच वेग घेत नाहीत, ते जरा थांबून घेतात. या विलंबामुळे पहिली उसळी पुरी उंच जाते, मग पंप वेग धरतात आणि पातळी खाली येऊन एका सपाटीवर स्थिरावते. पुढे कॅल्शियम उतरले तरी पंपांचा तो वाढलेला वेग लगेच ओसरत नाही. जणू नुकत्याच येऊन गेलेल्या चढणीची आठवण ते काही काळ जपतात. आमच्या आलेखांत शिखरानंतर जी घसरण दिसायची तिला मी वर्षानुवर्षे थकवा समजत होते. पेशी दमली, आवाज ओसरला, असे मी वर्गातही सांगितले आहे. ज्या मुलांना मी ते सांगितले ती आता कुठे-कुठे शिकवत असतील, आणि तेच सांगत असतील, या विचाराने मला खरोखर वाईट वाटते. ती घसरण पेशीने करून घेतलेली असते.

कॅल्शियम एकटेच चढले तर काय होते, हेही आपल्याला बरेच ठाऊक झाले आहे. प्रतिजन दाखवणाऱ्या पेशीकडून सोबतीचा दुसरा इशारा मिळाला नाही, तर एनएफएटी केंद्रकात जाते पण त्याचा जोडीदार एपी-१ तिथे नसतो. मग ते वेगळीच जनुके उघडते, आणि ती जनुके पेशीला बधिर करतात. पुढे तेच प्रतिजन पुन्हा समोर आले तरी ती पेशी उठत नाही. आपल्या स्वतःच्या ऊतींवर पेशी धावून जात नाहीत त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणजे तोच आयन, तेच दार, तोच लाल रंग, आणि अर्थ मात्र 'ऊठ' असा नसून 'यापुढे उठू नकोस' असा. पडद्यावर हा फरक कुठेच दिसत नाही. भावाच्या शरीरात नव्या मूत्रपिंडाबाबत असे बधिरपण आपोआप यावे, मग गोळ्या लागू नयेत, अशी आशा अनेक संशोधक मनात धरून आहेत. मीही ती धरून आहे, आणि त्या आशेत शास्त्र किती आणि बहीण किती हे वेगळे करण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

४१ नंबरच्या पेशीला इतका वेळ का लागला असेल, याची कारणे मी कागदावर लिहून काढली. एका बी-पेशीच्या अंगावर हजारो तुकडे मांडलेले असतात आणि त्यांतले बहुतेक शरीराचे स्वतःचेच असतात. टी-पेशीला त्यांतून परके हुडकायचे असते. मार्क डेव्हिस यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले की एकच परका तुकडाही टी-पेशीत कॅल्शियमची छोटी उसळी आणू शकतो आणि दहाच्या आसपास तुकडे मिळाले की पेशी पुरती थांबून भरघोस चढते. कदाचित हिच्या वाट्याला आलेल्या बी-पेशीवर तुकडे फार थोडे होते. कदाचित दोघींचा सांधा चुकीच्या बाजूने जुळला होता आणि योग्य तुकडा तिथवर सरकत यायला अकरा मिनिटे लागली. परका तुकडा ग्राहीला काही सेकंद धरून राहतो, आपला तुकडा त्याआधीच सुटतो. धरणे आणि सुटणे यांतला हा काही सेकंदांचा फरक पेशी पुन्हा पुन्हा तपासून पाहते. कदाचित ती तपासत होती. किंवा मायक्रोस्कोपची नजर जरा सरकली असेल, रंग झिरपला असेल, आणि मी उगाच एका डागावर इतकी माया करत असेन. हेही मी त्याच कागदावर लिहिले आणि खोडले नाही.

त्यानंतर आम्ही प्रयोगाची पद्धत बदलली. दिवा मंद केला, दर पाच सेकंदांऐवजी पंधरा सेकंदांना एक चौकट ठेवली आणि चित्रण तासभर चालू ठेवू लागलो. चित्रे दाणेदार येतात, मला ती आवडत नाहीत, पण पेशी जगतात. काही डिशांत उशिरा जाग्या होणाऱ्या पेशी दिसल्या, काहींत एकही दिसली नाही. एक पेशी मला विशेष आठवते. ती तेविसाव्या मिनिटाला चढली, दीड-दोन मिनिटांत पुरी खाली आली, पुन्हा चढली, पुन्हा उतरली, आणि चित्रण संपेपर्यंत तिची ही ये-जा श्वासासारखी चालू राहिली. बारीक-बारीक लाटांनी केंद्रकापर्यंतचा निरोप थोडक्या कॅल्शियममध्ये पोचवता येतो, हे आधीच दाखवले गेलेले आहे; पण ते वाचणे वेगळे आणि अंधारात एका पेशीबरोबर पस्तीस मिनिटे बसणे वेगळे. ती उतरली की प्रत्येक वेळी मला वाटे, संपले.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी पुन्हा त्या खोलीत होतो. चित्रण सुरू होऊन चाळीस मिनिटे झाली होती आणि चौकटीच्या डाव्या कडेला एक पेशी सुरुवातीपासून बी-पेशीला टेकून निळी बसली होती. तिचा क्रमांक १७ होता. आम्ही बोलत नव्हतो. पंख्याची घरघर आणि प्रकाशाची झडप उघडल्या-मिटल्याचा टकटक आवाज, एवढेच. तितक्यात माझ्या खिशातला फोन थरथरला. नऊ वाजले होते. दादाच्या गोळीचा गजर नऊ वर्षांपासून माझ्याही फोनमध्ये लावलेला आहे. फोनचा उजेड कॅमेऱ्यावर पडू नये म्हणून मी काळा पडदा सारून बाहेर गेले आणि फोन लावला.

"घेतली का?"

"घेतली गं, आत्ताच. तू अजून तिथेच?"

"हो, एक डिश चालू आहे."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

मी आत आले तेव्हा ती पडद्याकडे बघत तशीच बसली होती. माझ्यासाठी तिने खुर्ची थोडी सरकवली.

"सतरा?" मी विचारले.

"अजून नाही, मॅडम," ती म्हणाली. "पण आयनोमायसिन अजून सोडलेलं नाही. थांबू ना?"

झडप टकटकली आणि पुढची चौकट आली. मी खुर्चीवर बसले.